चूल, धुराडे आणि देखभालीचे अर्थशास्त्र

(हेब्बाळ, बेंगळुरू येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सार्वजनिक वित्ताच्या अभ्यासात भांडवली खर्च आणि आवर्ती खर्च हा भेद प्रारंभीच शिकविला जातो. धरण बांधणे हा भांडवली खर्च, कालव्यातील गाळ काढणे हा आवर्ती खर्च. धरणाचे उद्घाटन होते. गाळ काढण्याचे होत नाही. त्यामुळे पहिल्या खर्चाला पैसा आणि प्रसिद्धी दोन्ही मिळतात, दुसरा खर्च मात्र वर्षानुवर्षे पुढे ढकलला जातो. ही प्रवृत्ती मोठ्या प्रकल्पांपुरती मर्यादित नाही. ग्रामीण घरातील सर्वांत लहान भांडवली मालमत्तेतही, म्हणजे स्वयंपाकाच्या चुलीतही, ती तितक्याच स्पष्टपणे दिसते. लाकडी चूल आणि तिचे धुराडे सुरक्षित कसे राखावे, हा वरवर घरगुती वाटणारा प्रश्न भारताच्या ऊर्जा, आरोग्य आणि महिला विकासाच्या धोरणांशी निगडित आहे. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय तोच आहे.

हेब्बाळ आणि शेजारची प्रयोगशाळा

या विषयासाठी हेब्बाळ हे ठिकाण अप्रस्तुत नाही. म्हैसूर संस्थानच्या राजप्रतिनिधी महाराणी केंपनंजम्मण्णी वाणीविलास सन्निधान यांनी १८९९ मध्ये दिलेल्या ३० एकर जमिनीवर येथे प्रायोगिक कृषी केंद्र सुरू झाले. त्याच परंपरेतून पुढे १९६४ मध्ये बेंगळुरूचे कृषी विज्ञान विद्यापीठ उभे राहिले. प्रयोगक्षेत्रावरील ज्ञान शेतकऱ्याच्या बांधापर्यंत कसे पोहोचवावे, हा या परिसराचा जुना प्रश्न आहे.

येथून काही किलोमीटर अंतरावरील भारतीय विज्ञान संस्थेत हाच प्रश्न स्वयंपाकघराच्या संदर्भात विचारला गेला. विद्युतरसायनशास्त्रज्ञ प्रा. अमूल्य कुमार एन. रेड्डी यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये तेथे ग्रामीण भागासाठी विज्ञान व तंत्रज्ञानाचा वापर करणारा 'अस्त्र' हा कक्ष स्थापन झाला. १९७३ च्या तेलसंकटानंतरचा तो काळ होता. जगाचे लक्ष खनिज तेलाच्या दराकडे लागलेले असताना एरिक एकहोम यांनी १९७५ मध्ये सरपणाच्या टंचाईला दुसरे ऊर्जासंकट असे संबोधून गरीब देशांच्या वास्तवाकडे लक्ष वेधले. 'अस्त्र'ने कर्नाटकातील खेड्यांत केलेल्या पाहणीतूनही हेच दिसून आले की, गावाच्या ऊर्जावापराचा सर्वांत मोठा भाग स्वयंपाकावर खर्च होतो आणि तो प्रामुख्याने सरपणातून भागविला जातो.

या पाहणीच्या पायावर १९८० च्या दशकाच्या प्रारंभी 'अस्त्र ओले' ही चूल विकसित झाली. कन्नडमध्ये 'ओले' म्हणजे चूल. तीन भांडी बसणारी, बंद अग्निकक्षाची, खाली जाळी आणि शेवटी धुराडे असलेली ही रचना होती. पारंपरिक तीन दगडांच्या चुलीत लाकडातील उष्णतेचा साधारण दहावा भागच भांड्यापर्यंत पोहोचतो. 'अस्त्र ओले'ने प्रयोगशाळेत याच्या कितीतरी पट अधिक कार्यक्षमता दाखविली. कर्नाटक राज्य विज्ञान व तंत्रज्ञान परिषदेमार्फत तिचा राज्यभर प्रसार करण्यात आला.

सुधारित चुलीची वाटचाल

सुधारित चुलीची कल्पना त्याहून जुनी आहे. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखालील या संघाचे केंद्र असलेल्या मगनवाडीचे नाव 'मगन चुली'ला मिळाले. हैदराबाद येथे एस. पी. राजू यांनी धूरविरहित स्वयंपाकघराचा पुरस्कार करणारी पुस्तिका १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे हरियाणातील नाडा गावात मधू सरीन यांनी तेथील स्त्रियांच्या सहभागाने 'नाडा चूल' विकसित केली.

या प्रयत्नांना राष्ट्रीय स्वरूप आले ते १९८० च्या दशकात. १९८२ मध्ये अपारंपरिक ऊर्जा स्रोत विभाग स्थापन झाला. १९९२ मध्ये त्याचे मंत्रालय झाले आणि २००६ पासून ते नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय म्हणून ओळखले जाते. या विभागाने राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम हाती घेतला. सरपणाची बचत, धुराचे निर्मूलन आणि स्त्रियांच्या कष्टांत घट ही त्याची उद्दिष्टे होती. २००२ मध्ये केंद्रीय कार्यक्रम थांबविण्यात आला, तोपर्यंत ३ कोटींहून अधिक चुली बसविल्याची नोंद झाली होती.

बसविलेल्या चुली आणि चालू असलेल्या चुली यांत मात्र मोठी तफावत होती. अनेक घरांत चूल एक-दोन वर्षांत तडकली, धुराडे तुंबले वा निखळले आणि गृहिणी पुन्हा तीन दगडांकडे वळली. कार्यक्रमाचे यश मोजण्याचे परिमाण 'किती बसविल्या' हे होते; 'किती वापरात आहेत' हे नव्हते. त्यामुळे वापरात नसलेली चूलही कागदावर यशाचाच भाग ठरली.

धुराडे काम कसे करते?

देखभालीचे महत्त्व समजण्यासाठी धुराड्याचे साधे भौतिकशास्त्र लक्षात घेणे आवश्यक आहे. धुराडे धूर 'ओढते' असे म्हटले जाते. प्रत्यक्षात तापलेला वायू हलका असतो आणि बाहेरील थंड, जड हवा त्याला वर ढकलते. ३ मीटर उंचीच्या धुराड्यातील वायूचे तापमान १५० अंश सेल्सिअस आणि बाहेरील हवेचे ३० अंश असेल, तर समुद्रसपाटीवर मिळणारा दाबातील फरक सुमारे १० पास्कल, म्हणजे वातावरणीय दाबाच्या दहा हजारांश इतका अल्प असतो. सुमारे ९०० मीटर उंचीवरील बेंगळुरूत हवा विरळ असल्याने तो आणखी दहा टक्क्यांनी कमी भरतो. धुराड्यातील तापमान ७० अंशांपर्यंत उतरल्यास हाच फरक ४ पास्कलवर येतो.

बल इतके क्षीण असल्यामुळे लहानसा अडथळाही पुरेसा ठरतो. १० सेंटिमीटर व्यासाच्या नळीत सर्व बाजूंनी १ सेंटिमीटर काजळी साचली, तर व्यास ८ सेंटिमीटर होतो. परंतु वायू जाण्याचे क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी घटते. काजळीच्या खरखरीत पृष्ठभागाचे घर्षण त्यात मिसळते. जो धूर वर जाऊ शकत नाही, तो जळण घालण्याच्या तोंडातून खोलीत येतो. अशा वेळी धुराड्याची चूल उघड्या चुलीहून फारशी वेगळी उरत नाही.

काजळीचे प्रमाण जळणाच्या ओलाव्यावर बरेचसे अवलंबून असते. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असू शकते. कोरड्या लाकडाच्या एका किलोत सुमारे १८ मेगाज्यूल उष्णता असते. २० टक्के ओलावा असलेल्या एक किलो लाकडापासून सुमारे १४ मेगाज्यूल मिळतात, तर निम्मे पाणी असलेल्या लाकडापासून ८ मेगाज्यूलहूनही कमी. कारण उष्णतेचा काही भाग पाण्याची वाफ करण्यातच खर्च होतो. आग थंड राहते, ज्वलन अपुरे होते आणि न जळलेले वायू धुराड्याच्या थंड भिंतीवर चिकट, डांबरासारख्या थराच्या रूपाने साचतात. हा थर स्वतः ज्वालाग्राही असतो. थंड प्रदेशांतील घरांमध्ये धुराड्याला लागणाऱ्या आगींचे ते प्रमुख कारण आहे; अशा आगीत नळीतील तापमान १,००० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकते. भारतात शाकारलेल्या छपराजवळून जाणाऱ्या नळीच्या बाबतीत हा धोका दुर्लक्षिण्याजोगा नाही.

देखभालीचे वेळापत्रक

पहिली देखभाल चुलीपासून दूर, सरपणाच्या ढिगापाशी सुरू होते. लाकूड फोडून, जमिनीपासून उंचावर, वरून झाकलेले व बाजूंनी मोकळे असे किमान सहा महिने रचून ठेवावे. तुराट्या, पऱ्हाट्या आणि गोवऱ्याही पूर्ण वाळलेल्या असाव्यात. बंद अग्निकक्षाच्या चुलीत आखूड तुकडेच घालावे लागतात, अन्यथा तोंड उघडे राहून हवेचे गणित बिघडते. रंग दिलेले लाकूड, प्लायवुडचे तुकडे, प्लास्टिक वा रबर कधीही जाळू नये. बांधकामावरील मजुरांच्या वस्त्यांत असे टाकाऊ तुकडे फुकट मिळतात. पण त्यांतून निघणारे विषारी वायू फुकट पडत नाहीत.

दररोज चूल पूर्ण निवल्यावर जाळीखालील राख काढावी, कारण हवा तेथूनच येते. राखेतील निखारे दोन-तीन दिवसही जिवंत राहू शकतात. म्हणून ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर ठेवावी. प्लास्टिकच्या बादलीत किंवा गोवऱ्यांच्या शेजारी ठेवू नये. पूर्ण थंड झालेली राख पालाशयुक्त असल्याने आम्लधर्मी जमिनीस माफक प्रमाणात देता येते. भांडे चुलीच्या तोंडावर नीट बसते की नाही हेही रोज पाहावे. फटीतून धूर येतो आणि धुराड्याची ओढ कमी होते. एक भांडे चढविलेले नसेल, तर ते तोंड झाकणाने बंद करावे.

आठवड्यातून एकदा पहिल्या तोंडापासून वैलाकडे आणि तेथून धुराड्याकडे जाणारे बोगदे साफ करावेत. सर्वाधिक राख आणि काजळी याच वळणांवर साचते. मातीचा अंगभाग तडकला असेल, तर चिकणमाती, भुसा व शेण यांच्या काल्याने भेग बुजवून पोतेरे द्यावे आणि वाळल्यावरच चूल पेटवावी.

चूल रोज पेटत असेल तर महिन्यातून एकदा धुराडे झाडावे. त्याआधी चूल किमान एक रात्र थंड असावी. चुलीची तोंडे ओल्या पोत्याने झाकावीत आणि धुराड्याच्या बुडाशी ठेवलेले काजळी काढण्याचे दार उघडावे. नळीच्या व्यासाचा ब्रश किंवा दोरीला बांधलेला, खाली वजन असलेला काथ्याचा बोळा वरून खाली अनेकदा फिरवावा. तोंडाला फडके बांधावे, काजळी पोत्यात गोळा करावी आणि हात-तोंड साबणाने धुवावे. निसरड्या कौलांवर किंवा गंजक्या पत्र्यावर एकट्याने चढू नये. शिडी धरायला दुसरी व्यक्ती असावी.

जुन्या कार्यक्रमांतील अनेक धुराडी अॅस्बेस्टॉस सिमेंटच्या नळीची आहेत. अॅस्बेस्टॉसचे तंतू श्वासावाटे फुप्फुसात जाणे अत्यंत घातक असते. म्हणून अशी नळी तारेच्या ब्रशने कोरडी खरवडू नये, कापू नये वा तिला भोके पाडू नयेत. ती तडकली असल्यास ओली करून, न फोडता काढून तिच्या जागी जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची नळी बसवावी.

वर्षातून दोन वेळा, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, संपूर्ण तपासणी करावी. शेंड्यावरील टोपी जागेवर आहे का, नळी छपरातून जाते तेथील सांधा गळतो का, आत पाखरांचे घरटे किंवा गांधीलमाशांचे पोळे आहे का, हे पाहावे. भिंतीवर काळे ओघळ दिसणे म्हणजे पाणी आत शिरत असल्याची खूण. बेंगळुरू परिसरात नैर्ऋत्य मोसमी पावसानंतर ऑक्टोबरमध्येही जोरदार पाऊस होतो, त्यामुळे दुसरी तपासणी नोव्हेंबरमध्ये करणे श्रेयस्कर. तपासणीच्या शेवटी मूठभर ओलसर गवत पेटवून सर्व तोंडे झाकावीत. धूर कोणत्या सांध्यातून बाहेर येतो, हे डोळ्यांनाच दिसते.

सुरक्षिततेच्या मर्यादारेषा

एकेरी पत्र्याची नळी आणि लाकूड, गवत, बांबू यांसारखी ज्वालाग्राही वस्तू यांत किमान ४५ सेंटिमीटर अंतर असावे, असा सर्वमान्य दंडक आहे. गवती छपरातून एकेरी नळी थेट नेऊ नये. ती दगड-विटांच्या भिंतीतून बाहेर काढून वर न्यावी. छपराबाहेर धुराड्याची उंची किमान ३ फूट असावी आणि १० फुटांच्या परिघातील छपराच्या सर्वांत उंच भागापेक्षा ते किमान २ फूट वर यावे. उंची कमी पडल्यास वारा धूर उलटा घरात ढकलतो.

चूल पेटविण्यासाठी रॉकेल किंवा पेट्रोल ओतू नये. चुलीच्या वर ओली लाकडे वाळत घालण्याची पद्धत अनेक घरांत आहे. ती आगीला निमंत्रण देणारी आहे. पाण्याची बादली आणि वाळूची घमेली हाताशी असावी. धुराड्यातून घोंघावणारा आवाज येऊ लागला किंवा शेंड्यातून ठिणग्या उडू लागल्या, तर ती आत आग लागल्याची खूण समजावी. अशा वेळी हवा येण्याची तोंडे बंद करावीत, घरातील सर्वांनी बाहेर पडावे आणि १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. तापलेल्या धुराड्यात वरून पाणी ओतू नये. ते तडकून आग छपरात शिरू शकते. विझल्यानंतरही नळी तपासल्याशिवाय चूल पुन्हा पेटवू नये.

कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग नाही, वास नाही. थंडीत निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपणे त्यामुळे प्राणघातक ठरते. अंघोळीच्या पाण्याचा बंब न्हाणीघरात दार लावून पेटविणे हाही तोच धोका आहे. बंबाची मधली नळी हे एक लहानसे धुराडेच असते, त्यामुळे तिचीही सफाई करावी लागते आणि बंब मोकळ्या हवेतच पेटवावा लागतो.

आजच्या काळात एका नव्या धोक्याची भर पडली आहे. अनेक घरांत चूल आणि गॅस सिलिंडर एकाच खोलीत असतात. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत पसरतो आणि पारंपरिक चूलही जमिनीलगतच असते. म्हणून चूल स्वतंत्र खोलीत किंवा पडवीत असावी आणि गॅसची शेगडी उंच ओट्यावर. वास आल्यास चूल पेटवू नये, विजेची बटणे दाबू नयेत, दारे-खिडक्या उघडून बाहेर पडावे आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे.

देखभाल का होत नाही?

हे सर्व उपाय स्वस्त आणि सोपे असतील, तर ते अमलात का येत नाहीत, हा खरा अर्थशास्त्रीय प्रश्न आहे. या संदर्भात एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन आणि रेमा हन्ना यांनी ओडिशात केलेला अभ्यास महत्त्वाचा आहे. ४४ गावांतील सुमारे २,६०० कुटुंबांना यादृच्छिक पद्धतीने टप्प्याटप्प्याने धुराड्याच्या सुधारित चुली देऊन सुमारे चार वर्षे त्यांचा मागोवा घेण्यात आला. २०१६ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या शरीरात जाणाऱ्या धुराचे प्रमाण घटले. त्यानंतर हा परिणाम नाहीसा झाला. फुप्फुसांच्या आरोग्यात किंवा जळणाच्या वापरात फरक आढळला नाही. कुटुंबांनी चुली नियमित व योग्य रीतीने वापरल्या नाहीत आणि त्यांची पुरेशी देखभाल केली नाही, हे त्याचे कारण होते. प्रयोगशाळेत चांगली ठरलेली चूल प्रत्यक्ष घरात निष्प्रभ ठरू शकते, हा या अभ्यासाचा निष्कर्ष विकास अर्थशास्त्रात वारंवार उद्धृत केला जातो. डुफ्लो यांना २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जी व मायकेल क्रेमर यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

या अपयशाची कारणे चार प्रकारची आहेत. पहिले, देखभालीचा खर्च आज होतो आणि आरोग्याचा लाभ अनेक वर्षांनी, तोही न झालेल्या आजाराच्या रूपाने मिळतो. न झालेला आजार कुणालाच दिसत नाही.

दुसरे, खर्च आणि निर्णय यांची विभागणी. धूर स्त्रीच्या छातीत जातो. पण नळीसाठी पैसे देणे आणि छपरावर चढून ती झाडणे ही कामे बहुधा पुरुषाच्या अखत्यारीत असतात. स्त्रीच्या वेळेला बाजारात किंमत नसल्यामुळे घराच्या हिशेबातही तिला शून्य किंमत लावली जाते. राख काढणे, लाकूड बारीक फोडणे, बोगदे साफ करणे ही नवी कामे तिच्याच दिवसात बसवावी लागतात. कष्ट कमी करण्यासाठी आलेल्या साधनाने कष्ट वाढविले, तर तिने ते बाजूला ठेवणे हा अडाणीपणा म्हणता येत नाही. तो तिच्या बाजूने केलेला पूर्णपणे तर्कशुद्ध हिशेब असतो.

तिसरे, आवडीनिवडी आणि सवयी. भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यांवर शेकावी लागते. बंद चुलीत ती सोय नसते. दक्षिण कर्नाटकात नाचणीचे मुद्दे घोटताना भांड्यावर इतका जोर लावला जातो की, मातीच्या चुलीची कड खचू शकते. आराखडा ठरविताना या बाबी विचारात घेतल्या नाहीत, तर गृहिणी स्वतःच चुलीचे तोंड मोठे करते आणि हवेचा सगळा हिशेब बदलतो.

चौथे कारण संस्थात्मक आहे. अनुदान चूल बसविण्यासाठी होते, दुरुस्तीसाठी नव्हते. बसविणाऱ्या कारागिराचा गावाशी संबंध त्याच दिवशी संपत असे. जाळी मोडली किंवा नळी फुटली, तर सुटा भाग कोठे मिळेल, याचे उत्तर गावात कोणाकडेच नसे.

जागतिक बँकेच्या आधाराने आंध्र प्रदेश, गुजरात, हरियाणा, कर्नाटक, महाराष्ट्र आणि पश्चिम बंगाल या सहा राज्यांतील सुधारित चुलींच्या अनुभवाचा आढावा घेण्यात आला. महाराष्ट्रात पुण्याच्या 'समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थे'ने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांनी स्थापन केलेल्या 'आरती'ने, या क्षेत्रात दीर्घकाळ काम केले. धुराड्याची दोन भांड्यांची 'लक्ष्मी' चूल साच्यातून तयार करण्याचे प्रशिक्षण स्थानिक कारागिरांना देण्यात आले. साच्यामुळे मापे एकसारखी राहतात आणि कारागीर गावाजवळचाच असल्यामुळे दुरुस्तीसाठी त्याला बोलावता येते. स्वतःचे पैसे देऊन चूल घेणारा ग्राहक तक्रारही करतो, आणि तक्रार करणारा ग्राहक असला की दुरुस्तीची व्यवस्था निर्माण होते.

गॅस आल्यानंतरची चूल

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील ४९ टक्के कुटुंबांचे स्वयंपाकाचे मुख्य इंधन सरपण होते; गॅस वापरणारी कुटुंबे २८.५ टक्के होती. १ मे २०१६ रोजी बलिया येथे सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेने हे चित्र वेगाने बदलले. योजनेतील आठ कोटीवी जोडणी सप्टेंबर २०१९ मध्ये औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर, येथे देण्यात आली. ऑगस्ट २०२१ मध्ये महोबा येथून योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला आणि एकूण जोडण्या १० कोटींच्या पुढे गेल्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार स्वच्छ इंधन वापरणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण देशात ५८.६ टक्के होते; शहरी भागात ते ८९.७ टक्के, तर ग्रामीण भागात ४३.२ टक्के होते.

जोडणी आणि वापर यांतील अंतर येथेही आढळते. उज्ज्वला लाभार्थ्यांचा सरासरी वार्षिक वापर २०१९-२० मध्ये १४.२ किलोच्या ३.०१ सिलिंडरइतका होता. २०२३-२४ मध्ये तो ३.९५ झाला. मे २०२२ पासून प्रति सिलिंडर २०० रुपये आणि ऑक्टोबर २०२३ पासून ३०० रुपये अनुदान देण्यात आल्याचा या वाढीला हातभार लागला. तरीही तीन-चार सिलिंडरमध्ये कुटुंबाचा वर्षभराचा सर्व स्वयंपाक होणे कठीण आहे. अंघोळीचे पाणी, गुरांचे आंबोण, सणासुदीचा मोठा स्वयंपाक यांसाठी चूल पेटतेच. एकाच घरात अनेक इंधने समांतर वापरण्याची ही अवस्था संक्रमणकाळात दीर्घकाळ टिकते आणि याच अवस्थेत चुलीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. चूल आता 'जुनी' झालेली असते, म्हणून तिच्यावर खर्च करावासा वाटत नाही. पण ती थंडही झालेली नसते.

एक मर्यादा येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. उत्तम राखलेले धुराडे धूर नाहीसा करीत नाही. तो स्वयंपाकघरातून अंगणात नेते. दाट वस्तीत एका घराचा धूर शेजारच्या घरात शिरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सूक्ष्म धूलिकणांसाठी घालून दिलेली वार्षिक मर्यादा प्रति घनमीटर ५ मायक्रोग्रॅम आहे, तर भारतीय मानक ४० मायक्रोग्रॅमचे. घन इंधनाची चूल कितीही सुधारली, तरी पहिली मर्यादा गाठणे तिला जवळजवळ अशक्य आहे. याच संघटनेच्या अंदाजानुसार घरगुती वायुप्रदूषणामुळे २०२० मध्ये जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. त्यांत पाच वर्षांखालील २ लाख ३७ हजारांहून अधिक बालके होती. त्यामुळे स्वच्छ इंधन हेच धोरणाचे अंतिम उद्दिष्ट राहणार. ते परवडण्याजोगे होईपर्यंत जी चूल पेटते आहे, ती कमीत कमी घातक ठेवणे हे मधल्या काळातील कर्तव्य ठरते. ही दोन उद्दिष्टे परस्परविरोधी नाहीत.

धोरणासाठी काही दिशा

या विवेचनातून काही सूचना पुढे येतात. कोणत्याही चूल कार्यक्रमात यशाचे मोजमाप बसविलेल्या संख्येवर न करता दोन वर्षांनंतर वापरात असलेल्या संख्येवर करावे आणि देयकाचा काही भाग त्यानंतरच अदा करावा. अनुदानाचा एक हिस्सा दुरुस्ती व सुट्या भागांसाठी राखून ठेवावा. स्वयंसहायता गटांतील स्त्रियांना चूल-दुरुस्तीचे प्रशिक्षण देऊन गावासाठी ब्रश, शिडी आणि मापाच्या नळ्यांचा सामाईक संच उपलब्ध करावा. प्रत्येक घराने ब्रश विकत घेण्यापेक्षा ते काटकसरीचे ठरेल. आशा व अंगणवाडी कार्यकर्त्यांच्या गृहभेटींत धुराड्याची पाहणी समाविष्ट करता येईल. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात पाणीपुरवठ्याच्या देखभालीप्रमाणे घरगुती ऊर्जेच्या देखभालीचाही विचार व्हावा. अॅस्बेस्टॉसच्या जुन्या नळ्या सुरक्षितपणे बदलण्याची मोहीम याच आराखड्यातून राबविता येईल.

परीक्षेत सरपण, उज्ज्वला किंवा महिला आरोग्य यांवर प्रश्न येतो, तेव्हा उत्तरात योजनांची नावे आणि वर्षे लिहिली जातात, ती लिहावीतच. त्यांच्या जोडीला आणखी एक प्रश्न विद्यार्थ्यांनी प्रत्येक योजनेला विचारावा : ही मालमत्ता पाच वर्षांनी कोण राखणार, कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या वेळातून? चुलीच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा एकाच व्यक्तीकडे जाते. धुराडे तुंबल्यावर खोकणारी व्यक्तीही तीच असते. प्रशासनात गेल्यावर एखाद्या योजनेच्या कागदावर स्वाक्षरी करण्यापूर्वी त्या व्यक्तीच्या दिवसाचा हिशेब मांडून पाहिला जावा, एवढी अपेक्षा या निमित्ताने व्यक्त करणे उचित ठरेल.